चौथं टेबल

"दिसलं तर लिही. नाही दिसलं तर जागा कोरी सोड. पण न पाहिलेलं कागदावर उतरवायचं नाही."

आधीच्या विज्ञानाच्या सरांचा तो आवाज बाईंच्या कानात अजून होता. प्रयोगशाळेची किल्ली हातावर ठेवताना सर म्हणाले होते, "न पाहिलेलं पाहिलं म्हणशील, त्या दिवशी ही परत करायची. कबूल?" बाई म्हणाल्या होत्या, "कबूल."

त्याला तेवीस वर्षं झाली. सर गेले. किल्ली बाईंच्या कमरेला होती. दर वर्षी प्रकाशाचा धडा उघडण्याआधी बाई मुलींकडून सरांचं ते वाक्य वदवून घेत. नेम म्हणजे नेम.

आज त्याच वाक्याने घोळ घातला होता.

"बाई, पुठ्ठ्यावर ज्योत येतच नाहीये," चौथ्या टेबलावरून खारुताई म्हणाली. एका जागी दोन मिनिटं टिकत नसे, म्हणून वर्गाने तिचं हे नाव पाडलं होतं. आज मात्र ती अर्धा तास त्या टेबलाला खिळून होती.

खिडक्यांवर काळे पडदे ओढले होते. पाच टेबलांवर पाच मेणबत्त्या जळत होत्या. प्रत्येकीपुढे लांब मोजपट्टी, तिच्यावर भिंगाची चौकट आणि सरकणारा पांढरा पुठ्ठा. ज्योतीची उलटी प्रतिमा पुठ्ठ्यावर रेखीव उमटली की अंतरं मोजायची आणि भिंगाचं नाभीय अंतर काढायचं. वार्षिक परीक्षेतला सगळ्यात सोपा प्रयोग.

"अगं, वीस लिही नि मोकळी हो!" शेजारून कुजबुज आली. "चौथं टेबल वीसचं, हे शेंबडं पोरही सांगेल."

"मला दिसत नाही तर लिहू कसं?"

"आली मोठी हरिश्चंद्राची नात!"

"तोंडं बंद," बाई म्हणाल्या. बोलणाऱ्या दोघी कोण, ते मान न वळवताही त्यांना कळलं होतं.

बाहेरून आलेले परीक्षक दारातून आत आले. चौथ्या टेबलावरचा कागद त्यांनी उचलून पाहिला.

"हे काय? कोरा?"

"सकाळी याच टेबलावर दोघींनी वीस काढलंय," बाई म्हणाल्या.

"मग भिंगाला हिचंच वावडं आहे का?" परीक्षक हसले नाहीत. "कोऱ्या कागदाला शून्य. प्रात्यक्षिकात शून्य म्हणजे वर्ष गेलं. बाई, तुम्ही एकदा स्वतः बघा. तुम्ही म्हणाल ते मी धरेन. गुणपत्रक मात्र बाराच्या आत हवं."

ते समोरच्या खोलीत निघून गेले.

बाई टेबलापाशी आल्या. खारुताई बाजूला सरकली. हळूच म्हणाली, "बाई, नापास झाले तर दादा शाळा सोडवणार आहे."

"घाबरू नकोस. घाईत चुकतं माणूस."

बाईंनी मेणबत्ती शून्यावर ठेवली. भिंग चाळिसावर. मोजपट्टीच्या कडेवरून त्यांचं बोट फिरत गेलं आणि ऐंशीपाशी पडलेल्या जुन्या खाचेवर थांबलं. पुठ्ठा त्यांनी तिथे आणला. त्यावर उजेड पसरला.

"ही बघ. उलटी, ज्योतीएवढीच."

खारुताई वाकली. पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग पुन्हा पुठ्ठ्याकडे.

"बाई, नुसता उजेड आहे."

"नीट बघ."

"बघितलं."

"मी दाखवतेय ना तुला? लिही."

"प्रकाशाच्या पहिल्या तासाला ते वाक्य तुम्हीच तर वदवून घेतलं होतंत."

एका मेणबत्तीची वात तडतडली.

"म्हणजे मी खोटं बोलते?" बाईंचा आवाज चढला नाही, पण धारदार झाला.

खारुताईने नाक ओढलं आणि कागदावर एकच ओळ लिहिली : प्रतिमा मिळाली नाही.

घंटा झाली.

परीक्षक गुणपत्रक घेऊन आले. "तुम्हाला दिसली?"

"दिसली. स्पष्ट."

"मग इथे सही करा." त्यांनी बोट ठेवलं, तिथे बाईंनी सही केली. "आणि प्रयोगशाळेच्या शिपायाची?"

"मामा आज आले नाहीत. मुलगी बाळंत व्हायची आहे त्यांची, तेच असणार. रजेची चिठ्ठी ठेवून गेलेत."

"मग रजेचं कारण नोंदवून चिठ्ठी जोडा. मी खोलीत आहे."

मुली पांगल्या. खारुताई मात्र मागे राहिली. मामा नव्हते, म्हणून खिडक्यांचे पडदे तीच सरकवू लागली. शून्याखाली सही करणं बाईंनाही जड गेलं होतं. पण नेम म्हणजे नेम. दया आली म्हणून गुण देता येत नाहीत.

सकाळी टेबलावर सापडलेली चिठ्ठी बाईंनी पर्समधून काढली. तिची घडी अजून मोडलेली नव्हती.

"वाच गं जरा. माझा चष्मा वर राहिलाय."

खारुताई पडेल आवाजात वाचू लागली. "बाई, मुलीला दवाखान्यात न्यायचंय, म्हणून आज येत नाही. काल संध्याकाळी..." ती थांबली.

"वाच की."

"काल संध्याकाळी पुसताना चौथ्या टेबलाचं भिंग माझ्या हातून फुटलं. चौकट रिकामी दिसू नये म्हणून तूर्त साधी काच बसवलीय. तिथे कुणाला बसवू नका."

हात पुढे करून बाईंनी चौकटीतली काच दोन बोटांत धरली. दोन्हीकडून सपाट.

त्यांनी कमरेची किल्ली सोडवली आणि मुठीत धरली.

"तुझा कागद घे आणि माझा हात धर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मला परीक्षकांच्या खोलीपर्यंत ने. मधल्या तीन पायऱ्या मला गेलं वर्षभर दिसत नाहीत."