दिवा लागायच्या आत

आई सूर्य मावळताच दारात दिवा लावायची. तो लागायच्या आत प्रांजल घरात नसली, तर कबड्डी बंद, हा पप्पांचा नियम. जूनमध्ये काय, दिवस मावळायचं नावच घेत नव्हता! आज मात्र वर्षातला सगळ्यात लहान दिवस आणि उद्या तालुक्याची मॅच. शेवटची चढाई करून प्रांजलनं सायकल जीव खाऊन हाणली, तरी वाटेतच अंधारलं. "गेली आपली कबड्डी," पुटपुटत ती अंगणात शिरली. नागापूरच्या कंपनीतून आलेले पप्पा ओट्यावर चहा पीत होते. उंबऱ्याशी आई काडेपेटी घेऊन बसलेली, दिवा लागलाच नव्हता! "मघाधरनं काड्या ओढतेय, एक पेटंल तर शपथ! लई सर्दाळल्यात," आई म्हणाली. "डिसेंबरात?" पप्पांनी विचारलं. "व्हय, थंडी कमी हाय का?" पप्पा बशीत बघून हसले. प्रांजलनं उंबरा ओलांडला आणि पहिल्याच काडीला दिवा लागला.