साहेबांचा अंगठा

दर मंगळवारी साहेबांचं नख कापायचं काम सिस्टर कुमुदिनीकडे होतं. राष्ट्रप्रमुख असलेले साहेब जाऊन आठ महिने झाले होते, पण त्यांचा अंगठा काचेच्या पेटीत, कोमट रक्तावर जिवंत ठेवला होता. देशाची क्षेपणास्त्रं त्याच्याच जिवंत ठशाने सुटत. पेटी उघडली की आंबूस वास यायचा आणि कुमुदिनीला मळमळायचं.

तहावर ठसा उमटवायच्या आदल्याच दिवशी जेवताना ठसका लागून साहेब गेले. सेनापती भालेरावांनी मृत्यू दडवला आणि विझत आलेलं युद्ध पुन्हा पेटवलं.

आजही भालेरावांनी पेटीला कडक सॅल्यूट ठोकला, अंगठा यंत्रावर दाबला आणि आणखी एक शहर बेचिराख केलं.

"नख नीट कापत जा, सिस्टर. ठसा पुसट येतो."

"सर, तहाचा कागद अजून याच यंत्रात आहे. समोरच्यांची सहीसुद्धा झालीय."

भालेराव हसले. "तहाला अख्खा माणूस लागतो, सिस्टर. लढाईला अंगठा पुरतो."

ते गेल्यावर कुमुदिनीने अंगठा उचलला. तो उबदार, गिळगिळीत होता आणि धडधडत होता. तिने यंत्रात तो कागद शोधला आणि अंगठा दाबला.

हिरवा दिवा लागला. "साहेबांची संमती मिळाली. युद्ध थांबवण्यात येत आहे." यंत्राने अख्खा माणूस मागितलाच नाही.

आठ महिने, दर मंगळवारी, हा अंगठा आपल्याच हातात होता, हे तिच्या लक्षात आलं; आणि इतके दिवस दाबून धरलेली ओकारी तिला आत्ता झाली.