दर अर्ध्या तासाला

आज टेबलावर त्याची स्वतःचीच लेक होती, म्हणून त्याला ऑपरेशन थिएटरबाहेर बाकावर बसवलं होतं. एरवी मुलांचं हृदय थांबवून डॉक्टर ते दुरुस्त करत, तेव्हा रक्त फिरवणारं मशीन तोच चालवायचा. बावीस वर्षं. आज मशीनवर त्याचा चेला होता, त्याने हाताला धरून शिकवलेला.

"मला आकडे सांगायचे हं," त्याने सकाळीच बजावलं होतं. "चांगले असोत, वाईट असोत. फसवलंस तर तुझं-माझं संपलं."

"तुम्हाला फसवेन होय, सर?"

दर अर्ध्या तासाला रक्त तपासलं की मशीन क्षणभर जोडीदाराकडे सोपवून चेला दार किलकिलं करायचा. "पोटॅशियम चार पॉइंट दोन, लॅक्टेट दोन." मग, "पोटॅशियम साडेचार, लॅक्टेट तीन." बायकोला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती नुसती नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची आणि तो मान डोलवायचा.

तिसऱ्या खेपेला दार जरा उशिराच उघडलं.

"आकडे छान आहेत, सर. काही काळजी करू नका."

दार लागलं. बायकोचा जीव भांड्यात पडला. "बघा! आता कसं आपल्याला कळेल असं बोलला!"

आकडे सांगण्यासारखे नसले की आई-बापांना काय सांगायचं, ते वाक्य त्यानेच पहिल्या दिवशी चेल्याकडून घोटून घेतलं होतं.