यंदा आई नको

"आई, यंदा हॅलोविनला तू मागे मागे आलीस ना, तर मैत्रिणी हसतील मला!" अकरा वर्षांच्या टेसानं बजावलं. कोरीननं निमूट मान डोलावली. पण चेटकीण बनून पोरगी मैत्रिणींबरोबर दारोदार चॉकलेटं मागायला निघाली आणि हिचा जीव थाऱ्यावर राहीना. शेवटी तिनं शेजारणीची करडी गाडी मागून घेतली, दिवे बंद केले आणि अंतर ठेवून हळूहळू मुलींच्या मागे निघाली. कुठल्या दारात कोण उभं आहे, कोण जरा जास्तच वाकून बोलतंय, सगळं ती डोळ्यांत तेल घालून बघत होती.

तेवढ्यात फोन वाजला. टेसा रडकुंडीला आली होती.


"आई, तू ये ना गं लवकर! एक करडी गाडी मघापासून आमच्या मागे लागलीय."