लाल चिंधी

“पुन्हा उलटंच!” भोये सरांनी वही टेबलावर आपटली. “वर्षा, चिठ्ठ्यांची अदलाबदल केलीस तू. नस कापलेल्या पायाची चिठ्ठी शाबूत पायाला लावलीस.”

तिसऱ्यांदा हेच ऐकून वर्षाचं डोकं उठलं. जव्हारच्या या प्रयोगशाळेत तिची तीन वर्षं गेली होती. काम साधं होतं. कोंबडीच्या एका पायाची नस कापायची, दुसरा पाय तसाच ठेवायचा. नसेचा निरोप स्नायूला मिळाला की तो लगेच पुसून टाकणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. नस तुटली की उंदराच्या स्नायूत ते बनवणारं जनुक मंदावतं आणि विकर घटतं. कोंबडीतही घटतं, असं सरांच्या तीस वर्षांपूर्वीच्या प्रबंधात छापलेलं होतं. वर्षाच्या कोंबड्यांत मात्र ते दर वेळी वाढत होतं.

“उद्या समिती येतेय. आकडे सुलट कर, नाहीतर पीएच.डी. विसर.”

तिनं पेन उचललं. दोन रकान्यांची नावं बदलली की झालं. पण हात काही चालेना. तिरीमिरीत ती उठली, फ्रीजर उघडला आणि कोंबड्यांचे पाय ट्रेसकट सरांपुढे ठेवले. प्रत्येक जोडीतल्या एका पायाला लाल चिंधी होती.

“हे काय?”

वर्षाला लाजच वाटली. गावी, पोशेऱ्याला, तिची आई, सुकरी, प्रत्येक कोंबडीच्या पायाला चिंधी बांधायची. “शेजारणीच्या कोंबड्यात मिसळली तं वळखशील कशी?” म्हणायची. असलं काही वहीत लिहायचं नसतं, म्हणून वर्षानं लिहिलं नव्हतं.

“नस कापली तेव्हाच त्या पायाला बांधली, सर. चिठ्ठीवर विश्वास नसेल तर स्नायूचा तुकडा तुमच्या हातानं काढा.”

सरांनी चिंधीच्या पायातला तुकडा काढला, मग दुसऱ्या पायातला. दोन्ही तुकडे स्वतःच कुटले, स्वतःच तपासले. वर्षानं कशालाही हात लावला नाही. चिंधीच्या पायातल्या विकराचा आकडा जवळपास दुप्पट आला.

आता तरी ते शाब्बास म्हणतील, असं तिला वाटलं. सरांनी कपाटातून स्वतःचा जुना प्रबंध काढला, पण उघडला नाही. बराच वेळ ते ती चिंधीच चाचपत राहिले.

“माझेही आकडे असेच आले होते,” ते म्हणाले. “मला वाटलं, चिठ्ठ्या उलट लागल्या. मी त्या सुलट केल्या.”