तिच्या डोळ्यापुरता चंद्र

बायको गेल्यावर सात महिन्यांनी दिवेलागणीला त्याने गॅलरीतल्या दुर्बिणीवरची चादर काढली. डोळा लावला तर चंद्र नुसता लोण्याचा गोळा. दुर्बीण बिघडली नव्हती. शेवटचं तिनेच पाहिलं होतं. ती चष्मा काढून बघायची आणि फोकसचं चाक स्वतःच्या डोळ्यापुरतं फिरवून ठेवायची. “पळवलास आमचा चंद्र,” असं कुरकुरत तो परत फिरवायचा. आताही बोटं सवयीने चाकावर गेली आणि तिथेच थांबली. हे फिरवलं की तिची नजर पुसली जाणार. मागून लेक आली. “बाबा, सरका.” चष्मा कपाळावर चढवून तिने वाकून डोळा लावला. “धूसर आहे ना?” त्याने विचारलं. “छे, खड्डे मोजावेत इतका लख्ख. नंबर आईचाच लागलाय ना मला.” चाकावरचा हात काढून तो शेजारी टेकला. डोळे मिटून म्हणाला, “काय काय दिसतंय, सांग बघू.”