उकळलेलं पाणी

भालचंद्र बोधनकरांनी पिशवीतून काचेची बरणी काढून टेबलावर ठेवली. "सात महिने झाले, हिची छत्री काही उघडत नाही."

केंद्रातल्या रेश्माने बरणी उजेडात धरली. आत बोटभर उंचीची, एकाच पेशीची हिरवी काडी उभी होती. गेलेल्या माणसाची जनुकं हल्ली या केंद्रात अशा पेशीत घालून घरच्यांना देत. टोकाला छत्री उघडायची, आणि प्रत्येक माणसाची छत्री वेगळी असायची. त्यांच्या बायकोच्या, इंदुमतीच्या काडीला मात्र नुसती गाठ आली होती.

"काका, पाणी कुठलं घालता?"

"उकळून, गाळून, गार केलेलं. आजारपणात दोन वर्षं तिला तेच देत होतो. एक दिवस चुकलो नाही."

"अहो, बरणीसोबत दिलेल्या कागदावर समुद्राचं पाणी लिहिलं होतं ना! छत्रीचा आकार जनुकांत असतो, पण खारं पाणी मिळाल्याशिवाय तो उमटत नाही."

कागद त्यांनी वाचलाच नव्हता. तिला काय लागतं ते आपल्याला ठाऊक आहे, असंच ते धरून चालले होते. इंदुमती मालवणजवळच्या देवबागची. लग्न होऊन लातूरला आली, आणि दर मे महिन्यात म्हणायची, "यंदा तरी समुद्रावर जाऊ या." ते म्हणायचे, "पुढच्या वर्षी."

"आता घातलं तर?"

"वाढायचं वय सरलं तिचं, काका."

त्यांनी बरणी इंदुमतीच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळली. "मालवणची गाडी किती वाजता असते?"

"काका, सांगितलं ना, आता उपयोग नाही."

"माहेरी जायला उपयोग कशाला लागतो, पोरी?"